डोडोच्या मस्तकाचे दोन छेद

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात डोडो पक्ष्याचे एक मस्तक व एका पायाचे अवशेष आहेत. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला. १५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले आणि त्याच्या विश्वसनीय दर्शनाचे अखेरचे वर्ष म्हणून बहुतेक अभ्यासक १६६२ हे साल धरतात. पुढील काळात डोडोची हाडे पुष्कळ सापडली. परंतु ज्याच्या अंगावर कातडी शिल्लक राहिली असा अवशेष जगात हा एकच होय. या मस्तकाचा छेद आजवर दोन वेळा घेण्यात आला. पहिला १८४७ साली शस्त्राने घेतला गेला. दुसरा क्ष-किरणांनी घेतला गेला व त्याचा निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाला. दोहोंमध्ये १७१ वर्षांचे अंतर आहे.

या दोन छेदांचा विचार प्राणिशास्त्रज्ञांनी आपापल्या परीने केलेलाच आहे. प्रस्तुत निबंधात त्यांच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. संग्रहालयातील प्राण्यांच्या नमुन्यांचे संगणकीय छेददर्शन, म्हणजे रुग्णालयातील व्यवहारात ज्याला आपण सी. टी. स्कॅन म्हणतो ते, गेल्या तीन-चार दशकांत संशोधनाचे एक मोठे क्षेत्र बनले आहे आणि डॉक्टरेटनंतरच्या संशोधनवृत्तीवर काम करणारे अनेक तरुण त्यात गुंतलेले आहेत. त्यांच्या हातून निर्माण होणारी चित्रे ही एका नव्या प्रकारची साधने होत. साधन म्हटले की त्याची परीक्षा आली. ती कोणत्या कसोट्यांवर करावी, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम या मस्तकाचा पूर्वेतिहास पाहू. लंडनजवळ लँबेथ येथे जॉन ट्रॅडेस्कंट पितापुत्रांनी देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तूंचा संग्रह केला होता. १६५६ साली त्या संग्रहाची सूची छापली गेली व तीत मॉरिशसच्या डोडोची नोंद आहे. हा संग्रह पुढे इलायस ॲशमोल यांच्याकडे आला. त्यांनी तो ऑक्सफर्ड विद्यापीठास दिला आणि १६८३ मध्ये ॲशमोलियन संग्रहालय उघडले. येथपर्यंतची साखळी कागदांनी सिद्ध आहे. परंतु १६५६ च्या आधी हा पक्षी कोठे होता? या प्रश्नाला एक उत्तर फार दिवस प्रचलित होते. सर हॅमन लेस्ट्रेंज नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने असे लिहून ठेवले आहे, की १६३८ च्या सुमारास लंडनच्या रस्त्याने जात असता एका घराबाहेर विचित्र पक्ष्याचे कापडावर काढलेले चित्र टांगलेले त्याला दिसले; आत जाऊन पाहतो तो एक मोठा जिवंत पक्षी तेथे ठेवलेला होता. राखणारा त्याला डोडो म्हणे व तो खडे गिळतो हे येणाराजाणाराला दाखवी. हाच पक्षी मेल्यावर पेंढा भरून ट्रॅडेस्कंटांच्या संग्रहात गेला असावा, असे पुढील लेखकांनी मानले.

या अनुमानाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. १६३८ चा एक पक्षी आणि १६५६ चा एक पक्षी, दोन्ही लंडनच्या परिसरातले, आणि पक्षी अतिशय दुर्मिळ. तेव्हा दोन्ही एकच असले पाहिजेत. मधल्या १८ वर्षांविषयी एकही कागद नाही. तरीही अनुमान अगदीच निराधार होते असे नाही. जिवंत डोडो जहाजांवरून दूरदेशी नेले जात, याला स्वतंत्र पुरावा आहे आणि तो आपल्या देशातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेस दोन डोडो पाहिल्याचे त्याने नमूद केले आहे. सतराव्या शतकातील एका मोगली चित्रात इतर पक्ष्यांच्या मधोमध डोडो उभा आहे. हे चित्र आज सेंट पीटर्सबर्ग येथे असून ते जहांगिराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याच्या नावावर सांगितले जाते. जिवंत पक्षी पाहून काढलेल्या चित्रांत ते फार भरवशाचे मानतात. सुरतेपर्यंत जिवंत पोहोचणारा पक्षी लंडनला पोहोचणे अशक्य नव्हते. शक्यता होती, पुरावा नव्हता.

ऑक्सफर्डमध्ये या पक्ष्याचे हाल झाले. पेंढा भरलेली कातडी किडीने खाल्ली. १७५५ साली संग्रहालयाच्या विश्वस्तांनी तो नमुना बाद केला. त्या वेळी तो आगीत टाकण्यात आला व कोणा भल्या माणसाने जळता जळता त्याचे डोके व पाय बाहेर ओढून काढले, अशी एक चटकदार कथा रूढ आहे. ती टिकणारी नाही. कुजलेला नमुना नियमाप्रमाणे काढून टाकताना त्याचे जे भाग टिकाऊ होते ते ठेवून दिले गेले, एवढेच त्या घटनेचे स्वरूप दिसते. आगीची कथा लोकांना आवडते आणि नियमाची आवडत नाही, हा अनुभव बखरी वाचणाऱ्यांना नवा नाही.

आता पहिला छेद. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोडोचे कूळ कोणते हा वाद होता. कोणी त्याला शहामृगाच्या वर्गात घालीत, कोणी गिधाडाच्या. १८४२ मध्ये कोपनहेगनचे योहान्नेस राइनहार्ट यांनी तेथे सापडलेली एक कवटी पाहून डोडो हा कबुतराच्या कुळातला असे मत दिले. त्याची थट्टा झाली. इंग्लंडातील ह्यू स्ट्रिकलंड यांना हे मत पटले. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम १८४२ साली ज्यांनी तयार केले तेच हे स्ट्रिकलंड. वादाचा निकाल लावावयाचा तर कवटीची घडण पाहणे आवश्यक होते, आणि ऑक्सफर्डची कवटी कातडीखाली झाकलेली होती. ख्राइस्ट चर्च महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक हेन्री ॲक्लंड यांनी १८४७ मध्ये मस्तकाच्या एका बाजूची कातडी सोलून काढली. दुसरी बाजू तशीच ठेवली. सोललेली कातडीही फेकून दिली नाही, जपून ठेवली. मस्तक अखंड असतानाचे प्लास्टरचे साचे आधीच घेतलेले होते. पायाचेही विच्छेदन झाले. या सामग्रीवर स्ट्रिकलंड व अलेक्झांडर मेल्व्हिल यांचा ग्रंथ १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डोडो कबुतरांचाच सगासोयरा, हे सर्वमान्य झाले. (स्ट्रिकलंड यांचा अंत विचित्र झाला. १८५३ साली रेल्वेसाठी खोदलेल्या दरडीतील खडकांचे थर पाहण्यात ते गुंग झाले असता गाडीखाली सापडले.)

ॲक्लंडच्या या कृतीला आज कोणी क्रौर्य म्हणेल. मला ते रास्त वाटत नाही. अर्धी बाजू राखणे, कातडी सांभाळणे, साचे असल्याची खात्री असणे या गोष्टी विचारी माणसाच्या आहेत. प्रश्न मोठा होता, उत्तर दुसऱ्या मार्गाने मिळण्यासारखे नव्हते, आणि उत्तर बरोबर निघाले. शिवाय त्या शतकात व पुढेही नाश करून जाणून घेणे हीच शास्त्राची मान्य रीत होती. ऑक्सफर्डचेच भूशास्त्रज्ञ विल्यम सोलस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जीवाश्म थराथराने घासून, प्रत्येक थराचे चित्र घेऊन, त्या चित्रांवरून मेणाची प्रतिकृती उभारण्याची पद्धत रूढ केली. स्टॉकहोमचे एरिक स्टेन्शिओ यांनी याच मार्गाने आद्य माशांच्या मस्तकातील मज्जातंतूंचे मार्ग शोधले. त्यांचा १९२७ चा ग्रंथ आजही आदराने उल्लेखिला जातो. अशा कामाच्या शेवटी मेणाची प्रतिकृती हाती राही आणि मूळ जीवाश्माची भुकटी होऊन जाई. चित्रात चूक राहिली असेल तर ती तपासण्यास मूळ उरत नसे. मूळ पत्राची नक्कल करून घ्यावी व मूळ जाळून टाकावे, असा हा प्रकार होता.

न कापता आत पाहण्याची आशा १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांच्या शोधाने उत्पन्न झाली. संग्रहालये व प्राणिशास्त्रज्ञ यांनी तिचा स्वीकार आश्चर्य वाटावे इतक्या तातडीने केला. १८९६ च्या आरंभीच व्हिएन्नाचे योझेफ मारिया एडर व एडुआर्ट व्हालेंटा यांनी मासे, बेडूक, सरडे, साप यांच्या क्ष-किरणचित्रांचा देखणा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी फ्रँकफुर्टचे वाल्टर कोनिग यांनी इजिप्तमधील एका बालकाच्या व एका मांजराच्या ममीची चित्रे घेतली. परंतु साध्या क्ष-किरणचित्राला एक मोठी मर्यादा असते. पुढचे, मधले व मागचे सर्व काही त्यात एकाच पातळीवर येते. दहा पत्रे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावीत, म्हणजे दहाही पत्रांतील अक्षरे एकमेकांत मिसळून दिसतात, तसेच हे आहे. प्रत्येक पत्र वेगळे करून वाचता आले पाहिजे.

हे वेगळे करण्याचे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये, कोणताही व्यावहारिक हेतू न ठेवता, सोडवून ठेवले होते. एखाद्या आकृतीतून निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या सर्व रेषांवरील बेरजा ठाऊक असतील तर मूळ आकृती परत मिळवता येते, असे त्याचे सार आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ॲलन कॉर्मॅक यांना राडोनचे काम ठाऊक नव्हते. केपटाउनच्या रुग्णालयात काम करीत असता त्यांना हाच प्रश्न पडला व १९६३-६४ मध्ये त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. यंत्र बनवले ते गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी, आणि तेही इ.एम.आय. या कंपनीत. ज्या कंपनीच्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्यांवर आपल्याकडे नाट्यसंगीत घरोघर पोहोचले, तीच ही.

हाउन्सफिल्ड यांच्या पहिल्या प्रयोगांतील एक गोष्ट संग्रहालयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्यांचे पहिले यंत्र ओबडधोबड होते. एका छेदासाठी २८,००० मापे घ्यावी लागत व त्याला नऊ दिवस लागत. त्यावर त्यांनी संग्रहालयात ठेवतात तसा, फॉर्मलिनमध्ये मुरवलेला मानवी मेंदू तपासला. चित्रात मेंदूतील धूसर व शुभ्र भाग स्पष्ट वेगळे दिसले आणि सर्वांना आनंद झाला. पुढे ध्यानात आले, की फॉर्मलिनमुळे हा भेद वाजवीपेक्षा वाढलेला होता. मग खाटिकखान्यातून बैलाचे ताजे मेंदू आणून पडताळा घ्यावा लागला. भेद कमी दिसला, पण दिसला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात पहिल्या रोग्याची तपासणी झाली व १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे या शास्त्राच्या जन्माच्या वेळीच एका जतन केलेल्या नमुन्याने शास्त्रज्ञाला चकवा दिला होता. नमुना म्हणजे जिवंत प्राणी नव्हे. त्यावर जतनाचा संस्कार झालेला असतो आणि यंत्र प्राण्याबरोबर तो संस्कारही मोजते. ही गोष्ट प्रत्येक नव्या संशोधकाला सांगावी अशी आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. रुग्णालयातील यंत्र माणसाच्या मापाचे. सरड्याच्या कानातील हाडासाठी ते फार जाड. १९८२ मध्ये लंडनचे जेम्स एलियट व स्टीफन डोव्हर यांनी सूक्ष्म छेददर्शनाचा पहिला नमुना प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेली वस्तू गोड्या पाण्यातील एका गोगलगाईचा शंख ही होती. १९८४ मध्ये ग्लेन कॉनरॉय व मायकेल व्हॅनियर यांनी दगडाने भरलेल्या जीवाश्म कवटीचा अंतर्भाग न फोडता दाखवला. शंकूच्या आकाराच्या किरणझोतावरून एकदम घनाकृती उभी करण्याची गणनपद्धती त्याच वर्षी आली, ती फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेतून. टेक्सास विद्यापीठात १९९७ मध्ये या कामासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. तेथे लंडनच्या आर्किऑप्टेरिक्सची कवटी तपासण्यात आली व २००४ मध्ये त्या आद्य पक्ष्याचा मेंदू व अंतःकर्ण पक्ष्यांसारखा होता असे दिसून आले. चीनमधून आलेला व १९९९ मध्ये गाजलेला एक 'दुवा' निरनिराळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून केलेला होता, हे दाखवण्यातही तेथील छेददर्शनाचा वाटा होता. बनावट दस्तऐवज ओळखण्याचे कामही या यंत्राने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर डोडोच्या दुसऱ्या छेदाकडे येऊ. तो ऑक्सफर्डमध्ये झाला नाही. वॉरिक विद्यापीठातील उत्पादन-अभियांत्रिकीच्या विभागात, जेथे प्रामुख्याने यंत्रांचे सुटे भाग तपासले जातात, तेथे मार्क विल्यम्स यांच्या हाताखालील गटाने हे मस्तक तपासले. हेतू शरीररचनेचा होता. कवटीची अचूक घनाकृती मिळवावी एवढाच. चित्रात मस्तकाच्या मागील बाजूस व मानेत अतिशय दाट असे लहान लहान ठिपके दिसले. ते शिशाचे छर्रे होते. सतराव्या शतकात पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरीत त्या जातीचे. कवटीचे हाड जाड असल्याने छर्रे ते भेदून आत गेले नव्हते. ज्या पक्ष्याला लंडनच्या खोलीत पैसे घेऊन दाखवीत असल्याचे आपण समजत होतो, त्याला कोणीतरी मागून गोळी घातली होती. संग्रहालयाचे तत्कालीन संचालक पॉल स्मिथ यांनी विल्यम्स यांच्यासह एप्रिल २०१८ मध्ये हा निष्कर्ष जाहीर केला.

येथे थोडे थांबले पाहिजे. छर्रे त्या मस्तकात ॲक्लंडच्या वेळीही होते. त्याने कातडी सोलली, पाहिले, मोजले. परंतु त्याचा प्रश्न कुळाचा होता. २०१८ च्या गटाचाही प्रश्न मृत्यूचा नव्हता. फरक असा, की शस्त्र जेथे नेले तेथेच जाते, आणि क्ष-किरणांचे यंत्र न विचारलेल्या जागाही नोंदवून ठेवते. एका प्रश्नासाठी घेतलेली मापे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतात. दप्तरखान्यात हिशेबाचे कागद चाळताना एखाद्या लढाईची तारीख हाती लागते, तसा हा लाभ आहे.

परंतु त्या छर्र्यांनी सिद्ध काय झाले? ते ठिपके शिशाचे आहेत, हे सबळ आहे. कारण जड धातू किरणांना जितके अडवतात तितके हाड अडवीत नाही. पक्षी छर्र्यांनी मारला गेला, हेही मान्य करावे लागते. प्रदर्शनातील जिवंत पक्षी व हा पक्षी एकच, हे अनुमान यामुळे जवळजवळ कोसळते, कारण पैसे मिळवून देणाऱ्या पक्ष्यावर मालक बंदूक चालवील असे कोण म्हणेल? मात्र गोळी कोठे घातली, मॉरिशसमध्ये की अन्यत्र, हे चित्र सांगत नाही. बेटावर मारला असेल तर तो इंग्लंडपर्यंत न कुजता कसा आणला, हा नवाच प्रश्न उभा राहतो. राजवाड्यांनी १८९८ साली पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीस लावले, तेव्हा पत्राने बखरीतील विधान खोटे ठरते, पण त्याच्या जागी पूर्ण हकीकत आपोआप उभी राहत नाही, हा अनुभव आपल्याकडील संशोधकांना आला. येथेही तेच झाले आहे. १६३८ ची कथा गेली; तिच्या जागी कथा आली नाही.

छर्र्यांतील शिसे कोणत्या खाणीतले हे कळले, तर काही प्रकाश पडेल. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खनिजागणिक वेगळे असते व त्यावरून उगमाचा माग काढता येतो. परंतु त्यासाठी शिशाचा कण बाहेर काढावा लागतो. म्हणजे क्ष-किरणांनी न कापता शोधलेली वस्तू पुढे समजून घ्यावयाची तर पुन्हा शस्त्राकडेच यावे लागते. पूर्वीही असे झालेले आहे. या अवशेषाचा कण घेऊन बेथ शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोडोच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास केला व २००२ मध्ये त्याचा जवळचा जिवंत नातलग निकोबारी कबूतर असल्याचे दाखवले. अंदमान-निकोबारात आढळणारा तो रंगीत, लांब मानपिसांचा पक्षी. राइनहार्ट व स्ट्रिकलंड यांचे मत त्याने पक्के झाले. पण जो कण वापरला तो संपला.

यंत्राचे चित्र म्हणजे वस्तूच होय, असा समज या क्षेत्राबाहेरील लोकांत रूढ आहे, तोही तपासला पाहिजे. यंत्र चित्र देत नाही, आकडे देते. वस्तूच्या प्रत्येक सूक्ष्म घनाला एक आकडा मिळतो. रुग्णालयाच्या पट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड त्याहून पुष्कळ वर. यांतील कोणत्या आकड्यापासून पुढे 'हाड' म्हणावयाचे हे माणूस ठरवतो. जेथे हाड कागदासारखे पातळ असते तेथे अर्धा घन हाडाचा व अर्धा हवेचा असतो, आणि आकडा मधलाच येतो. मर्यादा थोडी वर धरली की हाडाला भोक पडते, खाली धरली की नसलेले हाड उगवते. शिशासारख्या धातूभोवती चित्रात खोटे पट्टे उमटतात. हे सर्व ओळखून छेदामागून छेद हाताने रेखाटावे लागतात. एका कवटीसाठी हे काम आठवडेच्या आठवडे चालते. डॉक्टरेटनंतरच्या संशोधकाचे दिवस बहुधा याच कामात जातात, आणि प्रसिद्ध होणाऱ्या रंगीत आकृतीत या निर्णयांचा मागमूसही दिसत नाही. मोडी पत्राचे बाळबोधीकरण करणाऱ्याने संदिग्ध अक्षर कोणते हे टीपेत दाखवावे, अशी आपण अपेक्षा करतो. येथेही ती केली पाहिजे.

अशा श्रमाचे एक चांगले उदाहरण डोडोच्याच बाबतीत आहे. २०१६ मध्ये युजेनिया गोल्ड, एस्टेल बूर्दों व मार्क नोरेल यांनी लंडनच्या संग्रहालयातील डोडोच्या कवटीचे छेददर्शन करून मेंदूच्या पोकळीची घनाकृती प्रथमच सादर केली. गोल्ड यांची डॉक्टरेट तेव्हा नुकतीच पूर्ण झाली होती. हाडाच्या आतील रिकामी जागा भरून काढली की मेंदूचा ठसा मिळतो. कबुतरांच्या इतर जातींचे ठसे शेजारी ठेवले की तुलना करता येते. तीतून निघाले ते असे, की डोडोचा मेंदू त्याच्या देहाच्या मानाने कबुतरांच्या नेहमीच्या प्रमाणातच होता; लहान नव्हता. वासाशी संबंधित भाग मात्र मोठा होता, आणि रॉड्रिग्ज बेटावरील त्याच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाचाही तसाच होता. डोडोच्या मूर्खपणाची म्हण युरोपात तीन शतके चालली. तिला शारीरिक आधार नाही, इतके तरी आता म्हणता येते. ठशाच्या आकारावरून अक्कल मोजता येत नाही, हे त्याच निबंधाच्या वाचकाने विसरू नये.

लंडनच्या संग्रहालयातील डोडोची बरीच हाडे मॉरिशसच्या आग्नेय भागातील मार ओ साँज या दलदलीतून आली. तेथील शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांनी १८६५ मध्ये ती शोधून काढली आणि त्यांवर रिचर्ड ओवेन यांनी आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला. क्लार्क यांचा वृत्तान्त वाचताना एक तपशील मनात राहतो. त्यांनी काही मजुरांना दलदलीच्या मध्यभागी कमरेइतक्या पाण्यात उतरवले, आणि त्या मजुरांनी चिखलात अनवाणी पायांनी चाचपून पहिली चांगली हाडे शोधली. मजुरांसाठी त्यांनी 'कुली' हा शब्द योजला आहे. त्या काळच्या मॉरिशसमध्ये तो हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांना लावीत. मुंबई इलाख्यातूनही असे मजूर जात होते व त्यांच्यापैकी मराठीभाषकांचे वंशज त्या बेटावर आजही आहेत. क्लार्क, ओवेन यांची नावे ग्रंथांत आहेत. ज्यांच्या तळपायांना डोडोचे हाड प्रथम लागले त्यांची नाहीत. नमुन्याच्या चिठ्ठीवर काय लिहिले जाते व काय गळते, याचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवावे.

कारण आज तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला आहे. अमेरिकेत २०१७ ते २०२३ या काळात १८ संस्थांनी मिळून पृष्ठवंशी प्राण्यांचे १३,००० हून अधिक नमुने छेददर्शनाने तपासले व त्यांची मापे सर्वांस खुली केली. फ्लॉरिडाचे डेव्हिड ब्लॅकबर्न या कार्याचे प्रमुख होते. त्यांतील बहुतेक नमुने मद्यार्कात ठेवलेले. हाडे त्यांत स्वच्छ दिसतात, मांस दिसत नाही. मांस दिसावे म्हणून नमुना आयोडिनमध्ये भिजवण्याची युक्ती ब्रायन मेट्शर यांच्या २००९ च्या निबंधापासून सर्वत्र पसरली. तीमुळे स्नायू, मेंदू, आतडी सारे उठून दिसते. मात्र नमुना आकसतो, द्रावण आम्लधर्मी होते, आणि शंभर वर्षे जपलेल्या बरणीतील एकमेव सरड्याला हे करू द्यावे की नाही, यावर संग्रहपालाला निर्णय द्यावा लागतो. खुद्द क्ष-किरणही सर्वस्वी निरुपद्रवी नाहीत. जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य त्यांनी तुटते. २०१६ च्या एका अभ्यासाने पृष्ठभागावरील मात्रा २०० ग्रेच्या आत ठेवावी असे सुचवले आहे. नेहमीच्या तपासणीत मात्रा यापेक्षा बरीच कमी असते. पण एकाच दुर्मिळ हाडाची तपासणी दहा प्रयोगशाळांनी दहा वेळा केली तर तिची बेरीज कोण ठेवणार?

या बेरजेसाठी प्रत्येक तपासणीची नोंद नमुन्याच्या चिठ्ठीशी जोडलेली असावी लागते: किरणांचा दाब किती, गाळणी कोणत्या धातूची, घनाचे माप किती, नमुना कोरडा की ओला, आयोडिन लावले असेल तर किती दिवस, हाडाची मर्यादा कोणत्या आकड्यावर धरली. यंत्र यांपैकी काही गोष्टी आपल्या टिपणात आपणहून लिहिते. शेवटची ते लिहीत नाही; ती ज्याने रेखाटन केले त्याच्या वहीत असते, आणि संशोधनवृत्तीची दोन-तीन वर्षे संपली की तो मनुष्य वही घेऊन दुसऱ्या गावी जातो. ड्यूक विद्यापीठाच्या आश्रयाने चालणाऱ्या मॉर्फोसोर्स या भांडारात मापांबरोबर अशा नोंदी ठेवण्याची सोय आहे. रकाने आहेत, ते भरलेले आहेत की रिकामे, हे मापे उतरवून घेण्यापूर्वी पाहावे.